लिमये पॉज आणि वरकुट्याचा 'न्हाय'

स्वारगेटवर बारामतीची विनाथांबा गाडी लागली होती. पिशवी मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसलो आणि मला कारण नसताना हसू यायला लागलं. शेजारचे गृहस्थ जरा सरकून बसले. पंचाहत्तरी गाठलेल्या माणसानं एकट्यानं हसत बसणं हे काही चांगलं लक्षण नव्हे, हे मलाही कळतं. पण आयुष्यभर मारलेली एक थाप मोडायला मी निघालो होतो, आणि शाळा बुडवून नदीवर पळणाऱ्या पोराची मजा मला येत होती.

निघताना सुमती, म्हणजे आमची सौभाग्यवती, दारात उभी होती.

"कबुली द्यायला चाललाय ना? मग हे नवं जॅकेट कशाला?"

"भाषण आहे म्हणून."

"भाषणात कबुली देणार, की कबुलीचंही भाषण करणार?"

मी चपला चढवल्या.

थाप काय ती आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचा प्रवास नीट कळेल. तरुणपणी मी वालचंदनगरच्या कारखान्यात नोकरीला होतो. ड्रॉइंगच्या टेबलावर दिवसभर नकाशे काढायचे आणि संध्याकाळी कॉलनीतल्या हौशी मंडळात नाटकाच्या तालमी करायच्या. एका स्पर्धेत मी सुशिक्षित, घमेंडखोर प्राध्यापकाची भूमिका करत होतो. शेवटच्या प्रवेशात मुलगा विचारतो, "बाबा, तुम्ही कधी सुखी होतात का?" त्यावर प्राध्यापकाचं पानभर स्वगत. मी ते विसरलो. सगळंच. डोक्यात धुवून ठेवलेल्या पातेल्यासारखी स्वच्छ पोकळी. उभा राहिलो. प्रेक्षागृह चिडीचूप. मी विंगेत प्रॉम्प्टरकडे आशेनं पाहिलं. प्रॉम्प्टर होता दत्तू, स्टोअरमध्ये कामाला असलेला वरकुटे गावचा पोरगा. तो पानावर वाकून घाबऱ्या आवाजात म्हणाला, "न्हाय…" म्हणजे सापडत नाही, असं त्याला म्हणायचं असावं. पण मला वाटलं, हेच वाक्य. मी सावकाश मान वर केली आणि म्हणालो, "न्हाय."

पडदा ओढणाऱ्याला वाटलं, नाटक संपलं. त्यानं पडदा टाकला. आणि टाळ्या थांबेनात.

परीक्षकांनी माझी पाठ थोपटली. शहरी कातडीखाली दडलेलं प्राध्यापकाचं खेडं एका शब्दात वर आलं, असं त्यांचं म्हणणं पडलं. अभिनयाचं पहिलं बक्षीस मला मिळालं. त्यानंतर मी पुण्याला आलो, दोन-चार मालिकांत आजोबा झालो आणि शिबिरांतून मुलांना शिकवू लागलो: "गप्प राहा. आतली मुळं बोलू लागेपर्यंत गप्प राहा." याला लोक 'लिमये पॉज' म्हणतात. मी लिमये.

हे एवढंच असतं तर गंमत म्हणून सोडून दिलं असतं. पण पुढच्या नाटकाच्या बैठकीत मीच म्हणालो होतो, "दुसरा प्रॉम्प्टर बघा. दत्तूचा आवाज पुढच्या रांगेपर्यंत जातो." खरं कारण असं की, दत्तूनं तोंड उघडलं असतं तर माझं बक्षीस हास्यास्पद झालं असतं. दत्तू मंडळातून गेला. मी राहिलो.

आता इंदापूरच्या तरुण नाट्यमंडळानं बोलावलं होतं. विषय होता, नाटकात पहिलं पाऊल टाकणाऱ्यांनी काय करावं. भाषणानंतर पुण्याच्या एका व्यावसायिक संस्थेच्या दिग्दर्शिका नव्या नाटकासाठी ऑडिशन घेणार होत्या. मी ठरवलं, आधी वरकुट्याला दत्तूकडे जायचं, मग इंदापुरात सगळ्यांसमोर बोलायचं.

पाटस मागे पडलं तसा हंगाम दिसू लागला. उसाला तुरे आलेले, आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून रस्त्याच्या मधोमध चाललेले. आमची विनाथांबा गाडी त्यांच्यामागे रांगू लागली. मी कंडक्टरला विचारलं, "विनाथांबा ना ही?"

"थांबली कुठं हाय, आजोबा? चालतीया की," तो म्हणाला आणि पुन्हा डुलकी काढायला लागला.

बारामतीचं स्टँड पाहून मी चुकून विमानतळावर उतरलो की काय असं वाटलं. माझ्या आठवणीतल्या स्टँडवर एक पाणपोई, एक म्हैस आणि पेपरवाला असायचा. इथं चकचकीत फरशी होती आणि माणसं सरळ रांगेत उभी होती, हे बघून मी उगाच जॅकेटची बटणं लावली.

मला न्यायला प्रणाली आली होती. बारामतीलगतच्या जळोचीची ही मुलगी गेल्या वर्षी पुण्यात माझ्या शिबिराला होती. उंच, मोठ्या डोळ्यांची, बोलताना हात आवरता न येणारी. तिनंच इंदापूरच्या मंडळाला माझं नाव सुचवलं होतं. मी तिच्या स्कूटीवर मागे बसलो. रुंद रस्ते, दुभाजकावरची झाडं आणि दुकानांच्या मोठाल्या पाट्या सर्रकन मागे जात होत्या आणि मला पुन्हा गुदगुल्या होत होत्या.

"सर, मागच्या ऑडिशनला तुमचा पॉज घेतला," ती वाऱ्यावर ओरडून म्हणाली.

"मग?"

"मी उभी राहिले. मुळं बोलायची वाट बघत. त्यांनी विचारलं, 'तुमचं झालं का?' मी तरी गप्प. मग त्यांनी पुढच्या मुलीला बोलावलं."

"एकदाच झालं का असं?"

"त्याच्या आधीच्या वेळीपण तसंच. माझंच चुकतंय, सर. माझी मुळं लवकर बोलत नाहीत."

स्कूटी खड्ड्यातून गेली नाही, तरी मी पडता पडता वाचलो.

जळोची आता पुरतं गाव नाही आणि पुरतं शहरही नाही. एका बाजूला प्लास्टर न केलेली तीन मजली इमारत, तिच्या सावलीत ज्वारीचं वावर. प्रणालीच्या आजोबांची मेंढरं होती. आता थोडा ऊस आहे, आई शाळेचे गणवेश शिवते आणि भाऊ सागर टेम्पो चालवतो. आईनं गरम पोहे पुढे ठेवले आणि शिलाई यंत्रापाशी उभं राहूनच मुद्द्याला हात घातला.

"सर, हिला एमआयडीसीतल्या कंपनीतनं बोलावणं आलंय. परवापासनं जायचंय. आजचं ह्ये इंदापूरचं झालं तर झालं, न्हायतर नाटकबिटक बास. आसं तिनंच मला शब्द दिलाय."

"आई, सरांना खाऊ दे," प्रणाली म्हणाली.

"खाऊ द्या की. मी काय ताट वढून घेतलंय?"

तिथंच सांगून टाकायला हवं होतं. मी सांगितलं नाही. पोहे छान झालेत म्हणालो, आणि ते खरोखरच छान होते.

सागरला पशुखाद्याची पोती वालचंदनगरला आणि पुढे इंदापूरकडे टाकायची होती, म्हणून आम्ही त्याच्याच टेम्पोत पुढे तिघं दाटीवाटीनं बसलो. बाहेर कालव्याचं पाणी, केळीच्या बागा आणि मळीचा तो गोडसर, आंबूस वास. वाटेत जंक्शन लागलं. हे गावाचं नाव आहे. आज तिथं एसटी आणि वडाप (माणसं कोंबून नेणारी जीप) एवढ्याच गाड्या भेटतात. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी इथं उतरून रेल्वेचा फलाट कुठं आहे म्हणून विचारलं होतं, आणि एका माणसानं गंभीर चेहऱ्यानं मला उसात पाठवलं होतं. हे ऐकून सागर म्हणाला, "अजून पाठवत्यात."

वालचंदनगरच्या क्वार्टर्स मला लगेच ओळखू आल्या. झाडं मात्र म्हातारी झाली होती. सागर पोती उतरवायला गेला तोवर मी प्रणालीला घेऊन आमच्या जुन्या हॉलपाशी गेलो. दाराला कुलूप होतं. खिडकीच्या फटीतून रंगमंचाची कड दिसत होती, त्यावर खुर्च्या रचून ठेवल्या होत्या.

"इथंच घेतला होता ना सर, पहिला पॉज?" तिनं हळू आवाजात विचारलं, जसं काही देवळात आलोय.

मग मी सांगितलं. पोकळी, दत्तू, न्हाय, पडदा, सगळं. सांगताना माझं मलाच हसू आवरेना. तिला मात्र हसू आलं नाही.

"म्हंजी तुमी विसरला होता."

"हो."

"आन् मी दोन ऑडिशनी तुमच्या विसरण्यापायी घालवल्या."

वर्षभर जपून ठेवलेली तिची पुणेरी भाषा एका दमात गळून पडली होती. मी मान खाली घातली. सागर टेम्पो घेऊन आला होता आणि मागे उभा राहून ऐकत होता. त्याला इतकं हसू आलं की तो टेम्पोत जाऊन स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला आणि हॉर्न वाजत राहिला.

"मग संध्याकाळी मी काय करू? त्येवढं सांगा," ती म्हणाली. "मला दुसरं काय येतच न्हाय. वर्षभर मी गप्पच राहायला शिकले."

मी म्हणालो, आधी दत्तूला भेटू. ती टेम्पोत बसली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. पुढचा सगळा रस्ता ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिच्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला पॉज होता, पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

वरकुट्याला आमची फजिती झाली. या तालुक्यात वरकुटे दोन आहेत, एक खुर्द आणि एक बुद्रुक, हे मी साफ विसरलो होतो. (विसरणं हा माझा जुना व्यवसाय आहे, हे आता कळलंच असेल.) बुद्रुकच्या पारावर दोन म्हातारे बसले होते. मी दत्तूचं नाव सांगितलं.

"त्यो तात्या व्हय? त्यो खुर्दचा. तुमी कोण पावणं?"

"मी पुण्याचा. लिमये. पूर्वी वालचंदनगरला होतो."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं टोपी मागे सारली. "म्हंजी न्हायवालं सायेब व्हय?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "कोण?"

"आवो तात्यानं आख्ख्या तालुक्याला सांगितलंय. कुणाचं लगीन आसू द्या, बारसं आसू द्या, तात्या ती गोष्ट सांगतोच. भज्याची."

"भज्याची?"

"तुमाला ठावं न्हाय?" तो शेजाऱ्याकडे वळला. "आबा, सायबाला भजंच ठावं न्हाय."

मी जन्मभर उराशी धरलेलं गुपित या तालुक्यात बारशाच्या घुगऱ्यांबरोबर वाटलं जात होतं. टेम्पोत परत बसलो तेव्हा मला भोवळ यावी इतकं हलकं वाटत होतं. प्रणालीच्या ओठाची कड किंचित हलल्याचाही मला भास झाला.

खुर्दला तात्याची वस्ती (शेतातलं घर) डाळिंबाच्या बागेच्या टोकाला होती. तात्या अंगणात खाटेवर बसून पितळी तांब्यानं पाणी पीत होता. केस पांढरे, अंग भरलेलं, आवाज तोच. खरोखरच पुढच्या रांगेपर्यंत जाईल असा. मला पाहून तो उठला नाही. तांब्या खाली ठेवून म्हणाला, "या लिमयेराव. पॉज लईच मोठा घेतला तुमी."

मी पाठ करून आणलेली वाक्यं बोलायला लागलो. बैठक, आवाजाची सबब, माझी भीती. त्यानं मधे तोडलं नाही. आत त्याची बायको हिराबाई चुलीपुढे होती, तिचं भाकरी थापणंही थांबलं.

"मला काढलं त्येचं काय न्हाय," माझं झाल्यावर तो म्हणाला. "माझा आवाज मोठा हायेच. पण बक्षीस घ्यायला तुमी वर गेला, तवा विंगंत माझ्याकडं बघितलं आन् नजर फिरवली. त्येवढं मातर अजून ध्यानात हाय."

ती नजर मलाही आठवत होती. माझ्या कबुलीतून ती मी मुद्दाम गाळली होती, आणि त्यानं नेमकी तीच काढली.

मग त्यानं मांडीवर थाप मारली. "आता माझं ऐका. त्या दिशी पान सापडत न्हाय म्हून न्हाय म्हणालो, आसं वाटतं ना तुमाला? पान हातातच व्हतं. दुसऱ्या अंकात क्यांटीनवाल्यानं भजी आणून दिली. गरम व्हती, ठेवायची कुठं? ठेवली पानावर. तुमच्या स्वगतावर. त्याल आसं पसरलं, की ह्या बाजूची अक्षरं त्या बाजूला आन् त्या बाजूची ह्या बाजूला. मी म्हणत व्हतो, न्हाय वाचता येत. त्येवढ्यात तुमी पयलाच शब्द उचलला."

"म्हणजे बक्षीस भज्याचं," मी म्हणालो.

"कांदाभज्याचं," हिराबाई आतून म्हणाल्या. "दर बारी बटाट्याचं सांगत्यात, पण कांद्याचं व्हतं."

मग प्रणाली हसली. एकदा सुरुवात झाल्यावर तिला थांबताच येईना. डोळे पुसत ती खाटेच्या कडेवर बसली आणि आम्ही सगळेच हसत सुटलो. मधेच मला एक शंका आली.

"दत्तू, पण त्या स्वगतात होतं काय? प्राध्यापक सुखी होता का?"

तो विचारात पडला. "कुणाला ठावं. तुमाला पाठ न्हवतं, मला दिसलं न्हाय."

जेवायला हुलग्याची शेंगोळी होती (कुळथाच्या पिठाच्या वळलेल्या वेटोळ्या, लसणीच्या झणझणीत रश्शात शिजवलेल्या), सोबत बाजरीची भाकरी आणि कच्चा कांदा. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. "सायेब पश्चात्तापानं रडाय लागल्यात," सागर म्हणाला आणि त्यानं तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

प्रणालीनं जेवता जेवता तात्याला सगळं सांगितलं. संध्याकाळची ऑडिशन, कंपनीचं बोलावणं, आईला दिलेला शब्द. तात्यानं हात धुतले आणि माझ्याकडे बोट केलं.

"ही शिक्षा. आज हिचं प्रॉम्प्टिंग तुमी करायचं. स्टेजवर न्हाय, विंगंत."

"मी कधी केलं नाही."

"म्हूनच. दोनच शब्द द्यायचं, आख्खं वाक्य न्हाय. आन् ती बोलायची थांबली म्हंजी लगीच द्यायचं न्हाय, तिच्या वठांकडं बघायचं. वठ हलत असतील तर ती इचार करतीय. हलायचं थांबलं की समजायचं, आता बुडाली." जरा थांबून तो म्हणाला, "आन् भजी खायाची न्हाईत."

तात्या आमच्याबरोबर निघाला, अर्थातच. हिराबाईंनी त्याला धुतलेलं धोतर नेसायला लावलं आणि मला म्हणाल्या, "सांभाळून न्या. लोकं हसायला लागली की ह्यास्नी थांबावंसं वाटत न्हाय." पुढे जागा नसल्यामुळे तात्या मागे उरलेल्या पोत्यांवर बसला आणि वाटेत भेटेल त्याला हात करून सांगत गेला, "न्हायवालं सायेब आल्यात. इंदापूरला चला."

इंदापुरात कार्यक्रम एका मंगल कार्यालयात होता. मागच्या पडद्यावर अजून कुणाच्या तरी लग्नाची थर्माकोलची अक्षरं होती. संयोजकांनी घाईनं वधूचं नाव काढलं होतं, वराचं राहिलं होतं. त्यामुळे व्यासपीठावर 'चि. अमोल' या अक्षरांखाली मी बसलो. समोर चाळीसेक मुलंमुली, वह्या उघडून.

मी उभा राहिलो आणि पहिल्याच वाक्यात म्हणालो, "वहीत लिहा. लिमये पॉज नावाची गोष्ट नाही. मी वाक्य विसरलो होतो."

मुलांनी ते लिहून घेतलं. त्यांना वाटलं, ही प्रस्तावना आहे. मग मी सगळं सांगितलं आणि समोरच्या रांगेतून तात्यानं भज्यांचा भाग सांगितला. हसण्याचा असा काही लोंढा आला की थर्माकोलचा 'अ' खाली पडला. तो ओसरल्यावर मागून एक मुलगा उठला. त्याच्या वहीत वरपासून खालपर्यंत माझीच जुनी वाक्यं असावीत.

"मग सर, आता आमी करायचं काय?"

जुन्या हॉलपाशी प्रणालीनं विचारलेला तोच हा प्रश्न होता. एवढा वेळ हसून झाल्यावर मला जरा घाम फुटला. मी जे मला ठाऊक होतं तेवढंच सांगितलं. पाठांतर इतकं करा की गवत कापताना, गाडीवर, भांडणातही ते चालू राहील. मग रंगमंचावर थांबलात तर ते थांबणं तुमचं असेल. ऑडिशनला दोन वेगळे उतारे तयार ठेवा, एक प्रमाण भाषेत आणि एक तुमच्या घरच्या बोलीत. माझ्यासारख्या माणसानं तुमची बोली घासून काढायला सांगितली तर नम्रपणे हो म्हणा आणि काढू नका. दुसरी शिका, पण पहिली टाकू नका. अडलात तर सरळ म्हणा, 'पुन्हा सुरुवात करू का?' अजून कुणी त्यासाठी कुणाला हाकललेलं मी पाहिलेलं नाही. न बोलता उभं राहिल्याबद्दल मात्र हाकलतात.

"हाकलत्यात," प्रणाली विंगेतून म्हणाली.

एका मुलीनं विचारलं, "नोकरी सोडावी का सर?" मी म्हणालो, सोडू नका. पहिली काही वर्षं दुसरं काम हाताशी असू द्या, म्हणजे भुकेपायी वाईट नाटक करावं लागत नाही. आणि भूमिका देतो म्हणून कुणी तुमच्याकडे पैसे मागितले, तर चपला घालून घरी जा. काम ठरलं की काय ठरलं ते कागदावर घ्या, माणूस कितीही गोड असो. पहिल्या तालमीपासून पडद्यामागचं एक काम शिका. दिवे, सामान, वेशभूषा, काहीही. ज्याला दोन कामं येतात त्याला दौऱ्यातून कुणी उतरवत नाही.

"आन् एकमेकांकडं बघायचं," तात्या म्हणाला. "बक्षीस मिळालं की विंगंत बघायचं. नजर फिरवायची न्हाय."

मुलांनी हेही लिहून घेतलं. मी मात्र पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ पीत राहिलो.

ऑडिशन सुरू झाल्या. दिग्दर्शिका म्हणजे आखूड केसांच्या, थकलेल्या चेहऱ्याच्या बाई. भाषण संपल्यावर पुण्याहून गाडी चालवत पोचल्या होत्या आणि चहावर चहा घेत होत्या. मी विंगेत स्टुलावर बसलो. हातात प्रणालीच्या उताऱ्याचं पान. चष्मा दोनदा पुसला. समोर उभं राहणाऱ्यापेक्षा आत बसणाऱ्याची छाती जास्त धडधडते, हे मला या वयात कळत होतं.

प्रणालीनं पहिला उतारा आपल्या बोलीत केला, तिनं स्वतः रचलेला. आजोबांनी मेंढरं विकली त्या दिवशी घरातलं कुत्रं दिवसभर कुणाला हाकायचं ते शोधत फिरत होतं, असा तो प्रसंग. बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. दुसरा उतारा प्रमाण भाषेतला. त्यात ती चढत गेली, आणि ऐन मध्यावर थांबली.

मी तिच्या ओठांकडे पाहिलं. ओठ हलत होते. मी गप्प राहिलो. माझ्या आयुष्यातला तो पहिला खरा पॉज होता, आणि तो दुसऱ्याचा होता. मग ओठ थांबले. डोळे मोठे झाले. बाईंनी मान वर केली. तिला मागचे दोन प्रसंग आठवत असणार हे मला तिथून दिसत होतं.

"आणि दार," मी म्हणालो. पोटातून, दोनच शब्द.

"आणि दार उघडंच होतं," ती म्हणाली, आणि पुढचं सगळं पाटाच्या पाण्यासारखं आलं.

संपल्यावर बाईंनी विचारलं, "आतून शब्द कुणी दिला?"

मी विंगेतून डोकं बाहेर काढलं. "मी. लिमये."

"ते पॉजवाले?"

"होतो," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. प्रणालीला म्हणाल्या, "तू प्रॉम्प्ट चांगला घेतेस. अडलीस पण भूमिकेतून बाहेर आली नाहीस. माझ्याकडे शेजारणीची भूमिका आहे, लहान आहे. ती करायची आणि उरलेला वेळ प्रॉम्प्टिंग बघायचं. तुझ्या तालमी पुण्यात, शनिवार-रविवारी दिवसभर. याआधी व्यावसायिक नाटक केलंयस?"

"न्हाय," प्रणाली म्हणाली. एका क्षणाचाही उशीर न लावता.

सगळं कार्यालय हसलं. तात्या तर उभाच राहिला. बाईंना काय झालं ते कळेना, आणि त्यांना ते समजावून सांगताना पुन्हा सगळी भज्यांची गोष्ट पहिल्यापासून झाली. प्रणालीनं आईला फोन लावला. नोकरीवर परवा जायचंच, पण शनिवार-रविवार सुट्टी मिळेल का ते विचारायचं, असं ती सांगत होती. पलीकडून शिलाई यंत्राचा आवाज थांबल्याचं मला ऐकू आल्यासारखं वाटलं.

मुक्काम इंदापूरलाच केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याची गाडी धरली. तात्या स्टँडवर सोडायला आला होता. त्यानं पिशवीत डाळिंबं घातली. गाडी हलली तेव्हा मी खिडकीतून त्याच्याकडे पाहिलं आणि तो दिसेनासा होईपर्यंत नजर काढली नाही. तोही बघत होता. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, मान आत घ्या."

वाटेत भिगवणला गाडी थांबली. ताज्या माशांचा वास सुटला होता, पण मी कांदाभजी मागवली. ती वर्तमानपत्राच्या तुकड्यावर आली. तेल पसरून एका बाजूच्या बातम्या दुसऱ्या बाजूला उमटत होत्या आणि खरोखरच काहीही वाचता येत नव्हतं. मी इतका हसलो की समोरच्या बाईंनी आपल्या मुलाला जवळ ओढलं.

घरी सुमतीनं दार उघडलं. जॅकेटवर रश्श्याचा डाग होता, तो तिनं आधी पाहिला. डाळिंबं टोपलीत ओतत तिनं विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं."

"दत्तू रागावला?"

"हसला. जेवू घातलं."

"आणि ती मुलगी?"

"तिला काम मिळालं. माझ्यामुळे नाही, मी असूनसुद्धा."

तिनं एक डाळिंब हातात घेतलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिला मी कधी नाटक करतो आणि कधी नाही, हे बरोबर कळतं.

"म्हणजे आता मनावर काही राहिलं नाही ना?"

मला विंगेतला तो पोरगा दिसला, हातात तेलकट पान घेऊन उभा असलेला. या वेळी मी पॉज घेतला नाही.

"हाय," मी म्हणालो. "थोडं."